मदत हवी आहे: मळमळतंय हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांना कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी, आई सध्या माझ्याकडे इंग्लंडला आलीये आणि तिला सकाळी उठल्यापासून मळमळतं, उलटी होत नाही पण तोंडाला सारखं पाणी सुटतं, चहाचा वास पण नको होतो. अपॉइंटमेंट मिळाली पण ती फोनवर, म्हणजे जे काय ते शब्दांतच सांगायचं. इकडे 'फीलिंग सिक' म्हणजे मळमळणं आणि 'आय वॉज सिक' म्हटलं की उलटी झाली असंच धरतात, आपल्याकडे सिक म्हणजे नुसतं आजारी, त्यामुळे आई स्वतः बोलली तर घोळ होणार. मग 'नॉशस' म्हणू का 'नॉशिएटेड'? व्याकरणाला धरून बसणारे म्हणतात नॉशस म्हणजे मळमळ आणणारं, पण इथे सगळे सर्रास 'आय फील नॉशस' म्हणतात, मला तरी ते चालेल असं वाटतं. 'क्वीझी' थोडंसंच ढवळत असेल तर म्हणतात ना? आणि खरी अडचण म्हणजे आई सारखं "पित्त झालंय, घशाशी येतंय" म्हणते, त्याला 'अ‍ॅसिड रिफ्लक्स' म्हटलं तर डॉक्टर भलतीच औषधं नाही ना देणार? कोणी नर्स, डॉक्टर किंवा इकडे राहणारं असेल तर प्लीज लवकर सांगा, आईकडून दोन वाक्यं पाठ करून घ्यायचीत.