सिटी ऑटोमॅटिक (२०११): गिअरबॉक्समध्ये नेमकं कोणतं ऑइल टाकायचं?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा क्लच नको म्हणून मागच्या दिवाळीत २०११ ची होंडा सिटी ऑटोमॅटिक सेकंडहँड घेतली. आता ९४,००० किलोमीटर झालेत. आधीच्या मालकाने सर्व्हिसची सगळी बिलं दिली, पण त्यात गिअरबॉक्स ऑइलचा उल्लेख कुठेच नाही.

महिनाभरापासून ताशी ६० च्या आसपास ॲक्सिलरेटर हलका धरला की गाडी थरथरते. रस्त्यावरच्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवरून चाकं गेल्यासारखी, दोन-तीन सेकंद. पाय जोरात दिला किंवा काढून घेतला की थांबते. रत्नागिरीहून परत येताना आंबा घाट चढून वर आल्यावर जास्तच जाणवलं.

गॅरेजमध्ये लाल ऑइलचा कॅन दाखवला, वर डेक्सरॉन-३ लिहिलेलं. पॉवर स्टिअरिंगला तेच घालतात म्हणे. स्पेअर पार्टच्या दुकानात 'सिटी ऑटोमॅटिक' म्हटल्यावर त्यांनी सीव्हीटीचं (गिअरऐवजी पट्टा आणि पुल्या असलेल्या ऑटोमॅटिकचं) ऑइल काढून समोर ठेवलं. दोघंही ठामपणे सांगतात, म्हणून मी दोन्ही नाकारून घरी आले. बाबांचं फिरणं या गाडीवरच आहे. कृपया अनुभवाचं सांगा.

माळावरची_गाडी
मी सगळ्या गाड्यांना चालणारं मल्टी-व्हेइकल ऑइल घातलंय. वर्ष झालं, काही त्रास नाही.

कराडचा मिस्त्री
ताई, दोन्ही नाकारलंत ते फार बरं केलंत. २२ वर्षं या कामात आहे, त्यातली १० जास्त करून ऑटोमॅटिकवर. नीट सांगतो.

'सिटी ऑटोमॅटिक' म्हणून ऑइल मागूच नका. या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगळे गिअरबॉक्स आलेत. २००८ पर्यंतची जुनी सिटी झेडएक्स सीव्हीटी होती, तिला एचएमएमएफ नावाचं ऑइल लागतं. त्यानंतरची, म्हणजे तुमची, पाच गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारी. तिला आधी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) झेड-१ होतं, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ येतं. २०१४ पासून परत सीव्हीटी आली, पण वेगळी, तिला एचसीएफ-२. दुकानदाराने तुमच्यासमोर पुढच्या पिढीचं ऑइल ठेवलं असणार.

हे एकमेकांच्या जागी का चालत नाही, ते समजून घ्या. सीव्हीटीत स्टीलचा पट्टा दोन पुल्यांमध्ये दाबून धरलेला असतो. तिथे ऑइलने पट्ट्याला घसरू द्यायचं नसतं. तुमच्या गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटा आहेत, ऑइलमध्ये बुडालेल्या. त्यांना पकडायचंही असतं आणि पकडताना थोडं सरकायचंही असतं. हे सरकणं किती आणि कसं, ते ऑइलमधली रसायनं ठरवतात. ती रसायनं दमली की कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा, गुळगुळीत बसत नाही. पकड-सोड, पकड-सोड करतो. तुमची थरथर मला तीच वाटते.

खात्री करायची असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे गाडी नसताना, थरथर सुरू झाली की डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा दिवा लागेल इतकाच. लॉक-अप सुटतो. त्या क्षणी थरथर गेली तर इंजिन माउंटिंग आणि प्लगवर खर्च करू नका.

डेक्सरॉन-३ बद्दल: ते जनरल मोटर्सचं जुनं प्रमाण, त्याचे परवाने २००६ च्या अखेरीस संपले. आज कॅनवर ते नाव असलं तरी त्यामागे कंपनीची तपासणी नाही. आणि लाल रंगावर जाऊ नका. तो रंग गळती ओळखता यावी म्हणून घालतात, त्यावरून ऑइलची जात कळत नाही.

माळावरच्या भावा, तुझी गाडी चालली याचा मला आनंदच आहे. पण तुझ्या कॅनच्या मागची यादी वाच. 'मान्यताप्राप्त' आणि 'साठी योग्य' यांत मोठा फरक आहे. योग्य आहे असं ऑइलवाला स्वतः म्हणतो. मान्यता गाडीवाल्याने द्यावी लागते. माझ्याकडे २०१५ ची एक सिटी सीव्हीटी टो होऊन आली होती. कुठेतरी 'ऑटोमॅटिकचं ऑइल' म्हणून लाल एटीएफ भरलेलं. पुल्यांवर चरे पडलेले, पट्टा गेलेला. मालक शिक्षक होते. खर्चाचा अंदाज ऐकून बराच वेळ बाकावर बसून राहिले. म्हणून एवढं लिहितोय.

आता काम कसं करायचं. मशिन लावून फ्लश नको, साधं काढून भरा. खालच्या बोल्टला चौकोनी खाच असते, तीन अष्टमांश इंची रॅचेट थेट बसतं. साधारण अडीच लिटर निघेल. मापून ठेवायला सांगा आणि तेवढंच भरा. उरलेलं निम्म्याहून जास्त कन्व्हर्टरमध्ये आणि आतच राहतं, म्हणून हेच काम तीनदा करायचं, मध्ये चार-पाच दिवस गाडी चालवून. तिसऱ्या वेळेनंतर जुनं थोडंच राहतं. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घ्या. बोल्टच्या चुंबकावर करडा, मलमासारखा थर असेल तर घाबरू नका. धातूचे कपचे दिसले तर तिथेच थांबा आणि मला फोटो टाका.

पातळी बघताना इंजिन पूर्ण गरम, गाडी सपाट जागी, आणि इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक. जास्त भरलं तरी त्रास होतो, फेस येतो.

क्रिस्टा_रत्नागिरी
इनोव्हा क्रिस्टावाल्यांनी डिपस्टिक शोधू नये, नाहीच. टोयोटाचं डब्ल्यूएस ऑइल लागतं आणि पातळी खालच्या ओव्हरफ्लो बोल्टमधून, ऑइलचं ठरलेलं तापमान असतानाच बघतात. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात करू नका.

स्विफ्टकर
मिस्त्रीकाका, माझ्या स्विफ्ट एएमटीलाही हेच डीडब्ल्यू-१ का?

कराडचा मिस्त्री
अजिबात नाही. एएमटी आतून मॅन्युअलच आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. गिअरबॉक्सला मॅन्युअलचं गिअर ऑइल, आणि त्या यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं. पुस्तिकेत दोन्ही दिलेलं असतं.

पंचगंगाकाठ
काका, मनापासून आभार. ब्रेकला स्पर्श केला आणि थरथर त्याच क्षणी गेली. कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून चासी नंबर देऊन डीडब्ल्यू-१ आणलं. काल पहिल्यांदा बदललं, समोर उभी राहून. २.४ लिटर निघालं, चहाच्या काढ्यासारखं काळपट आणि जळका वास. चुंबकावर फक्त करडा थर होता, कपचे नाहीत. थरथर अजून आहे पण बारीक. शनिवारी दुसऱ्यांदा करते.

कराडचा मिस्त्री
बारीक झाली म्हणजे दिशा बरोबर आहे. तीनही वेळा पूर्ण करा, मधेच सोडू नका. त्यानंतरही राहिली तर गाडी घेऊन या, लॉक-अपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बघू. बाबांना नमस्कार सांगा.