आधी टॉर्च मारून बघा

टाकीतल्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले की लगेच औषध ओतावं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, आधी अंधारात मोबाईलचा टॉर्च तिरका धरून मासा बघा. मिठाचे कण चिकटल्यासारखे सुटे दाणे असतील तर इक, अंगावर सोनेरी भुकटी चमकली तर व्हेल्वेट; दोन्ही परजीवीमुळे होणारे माशांचे रोग.

इकचा परजीवी कातडीत असेपर्यंत औषध त्याला लागत नाही, पाण्यात सुटला की औषधाने मरतो. म्हणून हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, त्याचं जीवनचक्र भरभर फिरतं आणि तो लवकर पाण्यात सुटतो. ठिपके गेल्यावरही औषध लगेच थांबवू नका. फिल्टरमधला कार्बन काढा, तो औषध शोषून घेतो. व्हेल्वेटच्या परजीवीला उजेडाचाही आधार असतो, त्यामुळे टाकी झाका. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण गोगलगायी आणि कोळंब्या आधी बाहेर काढा, नाहीतर त्या मरतील.

नुसती शेपटी झिजत असेल तर बहुतेकदा घाण पाणीच कारण. क्रॉफर्ड मार्केटमधून मासा ज्या इवल्याशा बरणीत आणला त्यातच ठेवला असेल तर औषधाने काय होणार! पाणी बदलताना नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाकाच. आणि मुंबईत हीटर कशाला म्हणणाऱ्यांनी जानेवारीतल्या पहाटे एकदा थर्मामीटर बुडवून बघावा.