जुन्या वॅगन-आरचा निळा धूर : रिंगा, सील की हेड गॅस्केट?

साखळीकर :
नमस्कार मंडळी. गाडी वॅगन-आर पेट्रोल, २००८ची, १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, रनिंग १,१८,००० किमी. रोजची ये-जा साखळी ते डिचोली, म्हणजे इंजिन पुरतं तापायच्या आधीच गाडी थांबते. महिन्यातून एक-दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव.

सकाळी पहिला सेल्फ मारला की निळसर धुराचा एक लोट येतो, पाच-सात सेकंदांत साफ. नंतर दिवसभर काही नाही. घाट उतरून अंजुणे धरणाजवळ सपाटीला ॲक्सिलरेटर दिला की परत तसाच लोट. घाट चढताना धूर नाही, पिकअप ठीक. ऑईल १००० किमीला साधारण ४०० मिली घालावं लागतं. कुलंट कमी होत नाही. मात्र ऑईलच्या झाकणाखाली पिवळसर साय जमते. पीयूसी पास आहे, पण एचसी (धुरातलं न जळलेलं इंधन) ५२० पीपीएम आलाय.

एक मेस्त (मेकॅनिक) म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन उघडून रिंगा बदला. दुसरा ती साय बघून म्हणतो कुलंट ऑईलमध्ये मिसळतंय, हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं. चवथीआधी (गणेश चतुर्थी) काम उरकायचंय. आधी काय तपासू? ई-२० पेट्रोलमुळे होत असेल का?

फोंडेकर :
ई-२० बाजूला ठेवा. निळा धूर ऑईलचा असतो, पेट्रोलचा नव्हे. पेट्रोल जास्त पडलं तर धूर काळा येतो आणि प्लगवर कोरडी काजळी बसते.

धुराच्या रंगाइतकंच महत्त्व तो कधी येतो याला आहे, आणि ते तुम्ही नीट टिपलंय. रात्रभर गाडी उभी असताना हेडमधलं ऑईल कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांडीवरची रबरी टोपी) थेंबथेंब खाली उतरतं. सकाळी ते एकदम जळतं आणि संपतं, म्हणून लोट पाच-सात सेकंदांचाच. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, थ्रॉटल बंद, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम. तो सीलमधून ऑईल ओढून घेतो आणि सपाटीला पाय दिला की ते बाहेर पडतं. रिंगा गेलेल्या असत्या तर धूर चढणीला, लोडवर, सतत दिसला असता. एक सांगायला हवं : ऑईल रिंग अडकलेली असली तरी उतारावर ऑईल ओढलं जातं. म्हणून केवळ घाटावरून निकाल देऊ नका. तुमच्या बाबतीत सकाळचा लोट आणि चढणीला साफ एक्झॉस्ट या दोन खुणा सीलच्या बाजूने जास्त बोलतात.

तरी सीलला हात लावण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या खालच्या भागातला, म्हणजे क्रँककेसमधला, गॅस मॅनिफोल्डमध्ये सोडणारा) काढून हलवा. आतला तुकडा खडखडला पाहिजे. मग मॅनिफोल्डकडचा पाइप त्याला जोडलेला ठेवून, इंजिन स्लोवर असताना त्याच्या मोकळ्या टोकावर बोट ठेवलं की ओढ जाणवली पाहिजे. तो जाम असेल तर क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि ऑईल मिळेल त्या वाटेने बाहेर निघतं. स्वस्तातला भाग आहे, शंका आली तर सरळ नवा टाका.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले, कॉइलचे कनेक्टर आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, बॅटरी चार्ज. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, काटा स्थिर होईपर्यंत. ॲक्सिलरेटर न दाबता मोजलं तर रीडिंग खोटं कमी येतं आणि त्याच कागदावर चांगलं इंजिन उघडलं जातं. ११ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) खाली असेल किंवा सिलिंडरांत १ किलोहून जास्त फरक असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑईल घालून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

म्हापशेकर :
हेड गॅस्केटबद्दल. पावसाळ्यात गोव्याची हवा आणि आठ-नऊ किलोमीटरची ये-जा, एवढ्यानेही झाकणाखाली साय येते. इंजिनात जमलेली वाफ उडून जायला ऑईल पुरेसं तापतच नाही. झाकण पुसा, एकदा सलग ४०-५० किमी चालवा, पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल आणि कुलंट घटत नसेल तर हेड उतरवण्याचं कारण नाही.

खात्रीच करायची तर गार इंजिनवर कुलंटच्या बाटलीला मार्करने खूण करा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. सेल्फ मारल्यावर एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा टणक झाला तर गॅस कुलंटमध्ये जातोय. कुलंटमध्ये गॅस आहे का ते बघणाऱ्या ब्लॉक टेस्टचं निळं द्रव पिवळं पडलं तर नक्कीच. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि सकाळी सायलेन्सरमधून येणारी, लगेच विरणारी पांढरी वाफ म्हणजे पाणी, तिची काळजी नको. हवेत रेंगाळणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर वेगळा.

पीयूसीचंही सांगतो. तुमच्या गाडीला स्लोवर मर्यादा एचसी ७५० पीपीएम आणि सीओ ०.५ टक्के. पास आहात, पण जळलेलं ऑईल ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसत राहतं. कन्व्हर्टर सीलपेक्षा कितीतरी महाग, म्हणून वर्षभर ढकलू नका.

साखळीकर :
आभारी आहे. काल तपासून घेतलं. कॉम्प्रेशन १२.६, १२.४, १२.५, १२.३. पीसीव्ही अजिबात खडखडत नव्हता, नवा टाकला. ३ नंबरचा प्लग ओला काळा, बाकीचे तपकिरी. आता हेड न उतरवता सील बदलता येतात का?

फोंडेकर :
आकडे छान आहेत, हाफ इंजिनचा विचार सोडा. ३ नंबरचा प्लग मात्र पुन्हा बघा. ऑईल फक्त आट्यांवर असेल आणि टोक कोरडं असेल तर ते वरून, व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून प्लगच्या खड्ड्यात उतरलंय. टोकच ओलं असेल तर चेंबरमधलं.

हेड न उतरवता सील बदलतात. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर वर येत असताना प्लगच्या भोकातून मीटरभर नायलॉनची दोरी आत घालायची, एक टोक बाहेर ठेवून, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून पिस्टन हाताने वर आणायचा. दोरी दाबली जाते आणि व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत. एक्झॉस्ट स्ट्रोकवर हे केलं तर व्हॉल्व्ह उघडे असतात, वाकू शकतात. आधी ऑईल उतरायच्या भोकांत फडकं कोंबा, नाहीतर स्प्रिंगचं बारीक लॉक चांबरात (इंजिनखालची ऑईलची टाकी) गेलं की चांबर खोलावं लागतं.

स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्हची दांडी बोटांनी आडवी हलवून बघा. ठळक हलत असेल तर गाईड (दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजलंय. मग नवं सीलही काही महिन्यांत जाईल, तेव्हा हेड उतरवलेलं बरं. नवं सील बसवताना दांडीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी आणि ऑईल लावा, खाचेची धार सीलचा ओठ कापते. १६ व्हॉल्व्ह, १६ सील, एकही जुनं ठेवू नका. कव्हर उघडलंच आहे तर त्याचं गॅस्केट नवं टाका आणि टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदललाय ते बिलावर बघा.

म्हापशेकर :
पण त्याआधी १००० किमी थांबा. पीसीव्ही नवा टाकलाय, तेवढ्यानेच ऑईलचा खप उतरू शकतो. दर वेळी त्याच सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि घातलेलं ऑईल मापाने लिहून ठेवा. २०० मिलीच्या आसपास आला तर चवथ होऊ द्या, सील नंतर करा. ४००वरच राहिला तर आत्ताच. तोवर २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑईल किंवा धूर बंद करणारी बाटली घालू नका. धूर थोडा दबेल, पण मोजमाप फसेल आणि गार इंजिनात ऑईल वरपर्यंत पोचायला उशीर होईल.