नुसता गाजावाजा

कुणीतरी म्हणलंय की फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे ही इंग्रजी प्रेमकादंबरी म्हणजे फुगवलेलं पुस्तक आहे, अगदी पटलं. सांगलीत विश्रामबागला रूमवर राहायचो तेव्हा मैत्रिणीकडनं आणून वाचलं, ती हिरॉइन सारखी ओठ चावतीय आणि हिरो सारखा चावू नको म्हणतोय, किती पानं उलटली तरी तेच! मुळात ते ट्वायलाइट या व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांवरचं फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्यानं त्यातलीच पात्रं घेऊन लिहिलेली गोष्ट, नेटवर तुकड्यातुकड्यानं आलेलं, २०११ ला पुस्तक झालं, त्यामुळंच एवढं पाल्हाळ असेल. पण मला खटकलं ते वेगळंच, तो तिचा फोन ट्रॅक करून बारमधे पोचतो, याला रोमान्स म्हणायचं? मला तर भीतीच वाटली. सांगलीच्या आयर्विन पुलावर कुणाची वाट बघताना छातीत जी धडधड होती ना, ती एका पानावर सापडली नाही. तशी धडधड असलेली एखादी मराठी कादंबरी असंल तर सांगा, खरंच वाचायचीय.