हौशी नाट्यसंस्थेने संपूर्ण नाटक यूट्यूबवर टाकावे का?

विंगेतला:
कोल्हापुरातील आमची हौशी संस्था दरवर्षी नवे नाटक बसवते आणि राज्य नाट्य स्पर्धेतही उतरते. पूर्वी केशवराव भोसले नाट्यगृहाबाहेरचा फलक पाहूनही बरेच प्रेक्षक येत असत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तेथे आग लागली, त्यानंतर आम्ही लहान सभागृहांकडे वळलो आणि प्रसिद्धीची सगळी भिस्त समाजमाध्यमांवर आली. तालमीचे रील पुष्कळ लोक पाहतात, प्रयोगाला मात्र मागच्या रांगा रिकाम्याच राहतात. संपूर्ण नाटक यूट्यूबवर टाकावे असा तरुण सभासदांचा आग्रह आहे, तर तसे केल्यास उरलेसुरले प्रेक्षकही घरीच बसतील असे ज्येष्ठांना वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

तिकीटखिडकी:
रील पाहणारा मुंबईत असेल किंवा मस्कतला, तो तुमच्या प्रयोगाला येणार नाही. जो एकदा तिकीट काढून आला, त्याचा फोन क्रमांक तुमच्याकडे आहे का, हा खरा प्रश्न आहे. दाराशी टेबल मांडून वहीत नाव, क्रमांक आणि राहण्याचा भाग (शिवाजी पेठ, राजारामपुरी, कसबा बावडा) लिहून घ्यावा, अर्थात संमती विचारूनच. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्याने तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यालाच मिळतो. त्यामुळे प्रेक्षक टेबलापाशी उभा असतानाच त्याला तो जतन करायला सांगावे. आणखी एक, नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा कराच्या धास्तीने देणगी प्रवेशिकांचा आडमार्ग धरण्याचे कारण नाही.

संहितावाचक:
यूट्यूबचा निर्णय प्रेक्षकसंख्येवर घेण्याआधी अधिकार तपासावेत. लेखकाने दिलेली प्रयोगाची परवानगी रंगमंचापुरती असते. चित्रीकरण आणि आंतरजालावरील प्रसारण यांसाठी स्वतंत्र लेखी परवानगी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात आणि कलाकारांनाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो, म्हणून नटमंडळींची लेखी संमतीही तालमींच्या सुरुवातीलाच घेतलेली बरी, कारण भांडणे नाटक गाजल्यावर होतात. संगीत नाटकवाल्यांची यात हमखास गफलत होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे निधन १८८५ मध्ये झाले, त्यामुळे त्यांची पदे कोणीही गाऊ शकतो. पण त्याच पदाची एखाद्या कंपनीने अलीकडे काढलेली ध्वनिफीत पार्श्वभूमीला लावली, तर यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो. पेटीवाला आणि तबलजी बसवून स्वतः गावे.

शाहूपुरीकर:
तिकीटखिडकी यांची वही मला मान्य आहे, पण वहीत आधी आलेल्यांचीच नावे असणार. महाविद्यालयीन मुले इन्स्टाग्रामवरच भेटतात, तेव्हा जाहिरातीला थोडे पैसे घालून ती कोल्हापूर, इचलकरंजी, कागल एवढ्याच परिसरात दिसेल अशी मर्यादा घालावी. संपूर्ण नाटक टाकण्याच्या मी विरुद्ध आहे, आणि ते प्रेक्षक घरी बसतील म्हणून नव्हे. शेवटच्या रांगेतून मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात प्रकाशझोतातले चेहरे पांढरेफटक पडतात, संवादांपेक्षा पंख्यांची घरघर अधिक ऐकू येते आणि असे नाटक पाहिलेला माणूस तुमच्याविषयी वाईटच मत करून घेतो. त्याऐवजी तालमीत जवळून, नीट आवाजासह टिपलेला एकच प्रवेश टाकावा आणि त्याखाली तारीख, वेळ, सभागृह व तिकिटाचा दुवा द्यावा. आपल्याकडच्या जाहिरातींत सगळ्या कलाकारांची छायाचित्रे असतात, प्रयोगाची वेळ मात्र भिंग घेऊन शोधावी लागते.