शुगर १३३ की ७.४? रिपोर्टचे आकडे बदलायची खात्रीची पद्धत सुचवा

लीड्सकर
आई-बाबा नाशिकहून आलेत. बाबांना मधुमेह. फाइलमध्ये सगळं मिलिग्रॅम/डेसिलिटरमध्ये आणि इथे इंग्लंडात मिलिमोल/लिटर. इथल्या मीटरवर ७.४ दिसल्यावर बाबा म्हणाले, "मशीन गेलं की मी?" सोपी पद्धत सांगा. ॲप नको, त्यांना कागदावर लागतं.

चकलीताई
१८ ने भागा. १२६ म्हणजे ७, १८० म्हणजे १०. बाबांचे ७.४ म्हणजे १३३. झालं!

टायट्रेशन
ताई, हा १८ फक्त साखरेचा हं. लीड्सकर, तो आला कुठून ते बघा, म्हणजे बाकीचंही जमेल. डेसिलिटरचा आकडा गुणिले १० केला की लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. त्याला रेणुभाराने (एक मिलिमोल किती मिलिग्रॅमचा, तो आकडा) भागलं की मिलिमोल. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणून थेट १८. कोलेस्टेरॉलचा सुमारे ३८७, तिथे ३८.७: २०० चे ५.२ होतात. एलडीएल-एचडीएललाही तोच भाजक.

खरी मेख युरियात आहे. आपल्याकडे काही लॅब 'युरिया' छापतात, काही 'बीयूएन'. बीयूएनमध्ये युरियातल्या नायट्रोजनचंच वजन धरतात, ६० पैकी २८. त्यामुळे युरिया ३० आणि बीयूएन १४ हे दोन्ही इथे ५ च. नाव न वाचता भागाकार केलात तर किडनीचा आकडा दुप्पट नाहीतर निम्मा!

लीड्सकर
बाप रे, फाइलमध्ये दोन्ही आहेत, वेगवेगळ्या लॅबचे. आता कळलं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (हेही किडनीचं) आणि एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं)?

टायट्रेशन
ट्रायग्लिसराइड हा एकच रेणू नाही, म्हणून सरासरी रेणुभार (८८५ च्या आसपास) धरून ८८.५ ने भागतात. १५० चे १.७. क्रिएटिनिन इथे मायक्रोमोलमध्ये देतात, त्याला ८८.४ ने गुणा: १.१ चे ९७. आकडा बघून दचकू नका. एचबीएवनसीला मात्र रेणुभाराचं गणित चालत नाही, टक्क्यातून २.१५ वजा करून १०.९३ ने गुणायचं. ६.५ टक्के म्हणजे इथले ४८ मिलिमोल/मोल.

चकलीताई
बाबा इन्सुलिन घेतात का? डोसचा तक्ता नाशिकच्या डॉक्टरांचा असेल तर मीटरही नाशिकचंच वापरा, पट्ट्या तिकडूनच मागवा. बरीच मीटरं एकाच एककावर बांधलेली येतात, सेटिंग बदलत नाही. रोज सकाळी उपाशीपोटी भागाकार करायला लावू नका त्यांना.