केनेडी, मुजीब, सादात आणि मध्येच पाण्याची पाळी

म्हेत्रे काका: ‘केनेडी वाचला असता तर व्हिएतनाम युद्ध झालंच नसतं’ हे ग्रुपवरचं फॉरवर्ड जरा अतीच आहे. 1963 ला या अमेरिकन अध्यक्षाचा खून झाला तेव्हा तिथं 16 हजारांच्या आसपास अमेरिकन लष्करी सल्लागार आधीच होते.

समीर: काय ओ काका, वर्षअखेर 1000 जण माघारी आणायचं त्यानंच ठरवलं होतं की.

म्हेत्रे काका: ठरवलं होतं. पण त्याच्या खुनाआधी तीन आठवडे, 2 नोव्हेंबरला, दक्षिण व्हिएतनामचा अध्यक्ष दिएम बंडात मारला गेला. बंडवाल्यांना अमेरिकेची फूस होती. मला विचाराल तर खरी मेख तिथं आहे. तिथलं सरकार पाडायला हात लावला की पुढचं निस्तरणं आपल्याच गळ्यात. केनेडीनंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सननं 4 दिवसांत ‘मदत चालूच’ असा आदेश काढला, 1965 ला सैन्य उतरलं.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो, माफ करा. उद्या पहाटे पाणी सुटतंय. मोटार 5 ला लावतो. टाकी ओव्हरफ्लो झाली तर पुढचे चार दिवस माझ्या नावानं बोंब मारू नका. चालू द्या.

बिराजदार वहिनी: 👍 पण नेता मारला की धोरण बदलतंच, बांगलादेशचे अध्यक्ष मुजीब यांचं बघा ना. 15 ऑगस्ट 1975 ला पहाटे घरात घुसून मारलं. 16 ला बांगलादेशला सौदीची मान्यता, 31 ला चीनची! याच चीननं 1972 ला बांगलादेशला युनोत घेऊ दिलं नव्हतं, व्हेटो मारला होता.

म्हेत्रे काका: हे बरोबर. पण वहिनी, पाकिस्तानची मान्यता 1974 ची, मुजीब स्वतः लाहोरला जाऊन आले होते. गाडी वळायला लागलीच होती, खुनानं वेग आला.

समीर: आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात? इस्रायलशी तह केला म्हणून 6 ऑक्टोबर 1981 ला भर परेडमध्ये गोळ्या घातल्या. तह कुठं मोडला?

म्हेत्रे काका: मोडेल कशाला? इस्रायलनं घेतलेला इजिप्तचा सिनाय प्रदेश एप्रिल 1982 ला परत मिळायचा होता. उपाध्यक्ष मुबारक सादातांच्या शेजारीच बसले होते, त्यांच्याही हाताला लागलं. तरी अध्यक्षाच्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी पदरात काय पडतंय ते बघितलं. मारणाऱ्यांचा हिशोब तिथंच चुकला.

बिराजदार वहिनी: सिनाय मिळाल्यावर मात्र हात आखडला हं. त्याच वर्षी इस्रायलच्या लेबनॉनमधल्या युद्धावरून तिथला आपला राजदूत माघारी बोलावला. आणि अध्यक्ष असताना मुबारक इस्रायलला गेले एकदाच, 1995 ला, तेही इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीला.